२ फुटी प्लांटेड टाकीसाठी घरीच एलईडी लाईट बनवतेय, रंग कुठले घेऊ?

पाणवठा (रविवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही राहिलं तर विचारा.

माशांची आणि झाडांची टाकी २४ बाय १२ बाय १४ इंच, वाळू-दगड वजा करून पाणी साधारण ५५ लिटर. आत ११ निऑन टेट्रा, ५ कोरीडोरास. झाडं म्हणजे जावा फर्न, अनुबियास, दोन क्रिप्टोकोरिन आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही, लावायचाही नाही. टाकीबरोबर आलेली ट्यूब गेली, रेडिमेड लाईटच्या किमती विचारून आले आणि म्हटलं आपणच बनवू. सोल्डरिंग येतं मला, बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, शाळेतून आले की तिथेच बसायचे.

तर सगळीकडे एकच वाचलं की झाडं फक्त लाल आणि निळा प्रकाश घेतात, हिरवा परत फेकतात म्हणून ती हिरवी दिसतात. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून ३ वॉटवाले १२ एलईडी आणले, ८ लाल, ४ निळे, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून टाकीच्या वर दोन इंचांवर ठेवले. लावल्या लावल्या सगळा हॉल जांभळा. जावा फर्न चक्क काळा दिसतो, वाळू गुलाबी, निऑनचं पोट भडक लाल आणि वरचा तो निळा पट्टा, ज्याच्यासाठी लेकीने हेच मासे पाहिजेत म्हणून हट्ट केला होता, तो विझल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, आई मासे आजारी आहेत का. फिल्टरच्या पाण्याने लाटा उठल्या की तळाला लाल आणि निळे वेगवेगळे डाग फिरत राहतात, पाच मिनिटं बघितलं की डोळे दुखतात.

आता तीन आठवडे झाले, काचेवर हिरवा थर धरलाय आणि अनुबियासच्या जुन्या पानांवर कडक हिरवे ठिपके, नखाने खरवडले तरी निघत नाहीत.

पांढरे घेऊ का? घेतले तर ६५०० केल्विन (थंड, निळसर पांढरा) की ४००० (उबदार, पिवळसर)? लाल-निळे काढूनच टाकू की थोडे ठेवू? एवढं सगळं केल्यावर परत चुकायचं नाहीये.

सोल्डरगन (रविवार, रात्री ११:२०)

ताई, रंगांचं नंतर बोलू, आधी एक सांगा, ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना करंट पुरवणारं सर्किट, कुठला आहे? थेट २३० व्होल्टवर चालणारा छोटा उघडा पीसीबी असेल तर आजच्या आज बंद करा आणि प्लग काढून ठेवा. असल्या बऱ्याच स्वस्त ड्रायव्हरांत मेन्स आणि आउटपुटच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते, म्हणजे एलईडीच्या पायाला किंवा ओल्या पट्टीला हात लागला तर पूर्ण २३० चा झटका बसू शकतो. घरच्या भिंतीवर एकवेळ ठीक, पाण्याच्या दोन इंच वर अजिबात नको. मला स्वतःला एकदा पट्टीला हात लावल्यावर मुंग्या आल्यात, तेव्हापासून टाकीवर मेन्स येऊच देत नाही, एसएमपीएस (२३० चे कमी व्होल्ट करून देणारा डबा) बाजूला भिंतीवर आणि टाकीकडे फक्त १२ किंवा २४ व्होल्ट.

शिवाय लाल किती नॅनोमीटरचे (प्रकाशाची नेमकी छटा या आकड्याने सांगतात), निळे किती, करंट किती आणि दिवसाला किती तास चालू असतो तेही टाका.

पाणवठा (रविवार, रात्री ११:४१)

बापरे. हो, तसाच आहे, ६०० मिलिअँपचा उघडा पीसीबी, मी त्याला प्लास्टिकच्या डबीत घातला होता. प्लग काढला आत्ताच. दुकानदाराने लाल ६६० आणि निळे ४७० सांगितले होते, पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. सकाळी ९ ते रात्री ८, म्हणजे ११ तास.

हिरवळ (सोमवार, सकाळी ६:१५)

पाणवठाताई, मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, घरी चार टाक्या आहेत, त्यामुळे हा विषय फार जवळचा. जरा लांब लिहितोय.

'झाडं फक्त लाल-निळा घेतात' हे ज्या आलेखावरून आलंय तो आलेख पानाचा नाहीच, तो पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा आहे. त्यात क्लोरोफिल ए ची टोकं ४३० आणि ६६२ च्या आसपास येतात, बी ची ४५३ आणि ६४२ च्या आसपास, आणि मध्ये हिरव्याच्या जागी दरी. पण अख्ख्या पानात प्रकाश आतल्या आत इकडून तिकडे आपटत जातो, एका थरातून निसटला की दुसऱ्यात सापडतो, शिवाय कॅरोटिनॉइड्स (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) असतात, त्यामुळे हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग पान वापरतं. थोडासा परत येतो आणि आपला डोळा हिरव्याला सगळ्यात तीक्ष्ण म्हणून पान आपल्याला एवढं हिरवं दिसतं. तुमच्या टाकीत हिरवा प्रकाश मुळातच नव्हता, परत यायला काही नाही, म्हणून फर्न काळा. झाडाला काही झालेलं नाही.

आता पांढरा एलईडी म्हणजे काय ते बघा. तो पांढरा नसतोच, आत ४५० च्या आसपासची निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा लेप हिरवा-पिवळा-लाल करतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं. ही निळी चिप नीट जमवायलाच जगाला इतकी वर्षं लागली की तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे पांढरा घेतलात की ४५० चा निळा त्याच्यासोबत फुकट येतो. वेगळे निळे लावायची तुमच्या टाकीला गरज नाही.

एक प्रयोग करा, पाच मिनिटांचा. जुनी सीडी असेलच. रात्री खोलीत अंधार करा, एकच एलईडी लावा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब तिरकं करून बघा, रंगांचा पट्टा दिसेल. आधी घरातला पांढरा बल्ब, मग पिवळा, मग तुमचे लाल-निळे. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

गप्पी_नाशिक (सोमवार, सकाळी ९:३०)

सरांबद्दल आदर आहे पण माझा अनुभव वेगळा. मी दोन वर्षं गच्चीवरच्या खोलीत मायक्रोग्रीन्स लाल-निळ्यावरच काढतोय, मेथी, मुळा, मोहरी सगळं जोमात येतं, आणि वीज कमी लागते कारण झाडाला हव्या त्याच रंगात पैसे जातात. शेवाळ रंगाने नाही आलं, ११ तासांनी आलं. लाईट तोच ठेवून वेळ ६ तास केली तरी झाडं मस्त वाढतील असं माझं मत. आधीच घेतलेले १२ एलईडी फेकून कशाला द्यायचे?

हिरवळ (सोमवार, सकाळी १०:०५)

गप्पी, ११ तासांचं अगदी बरोबर बोललात, शेवाळाचं मूळ तिथेच आहे. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन ही सगळी सावलीतली आणि सावकाश वाढणारी मंडळी, अनुबियासचं एक पान वर्षानुवर्षं तसंच असतं, त्याच्यावर ११ तास प्रकाश पाडला आणि सीओटू नाही तर जे पानाला वापरता येत नाही ते शेवाळ वापरणार. लाल-निळ्यावर झाड वाढतं हेही खरं, मी नाही म्हणतच नाहीये.

पण मायक्रोग्रीन्सच्या खोलीत कोणी बसून बघत नाही. ताईंची टाकी हॉलमध्ये आहे, लेक समोर बसून मासे बघते. झाडाला चालेल आणि डोळ्याला पण चालेल असा प्रकाश पाहिजे. आणि टाकी नीट दिसणं ही नुसती हौस नाही, माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले, कल्ले लाल झाले, पानाला पिवळेपणा आला, हे जांभळ्या उजेडात कळतच नाही. लेकीने मासे आजारी आहेत का विचारलं, त्या लाईटखाली खरोखर आजारी असते तरी कोणाला ओळखता आलं नसतं.

मत्स्यवेडी (सोमवार, दुपारी १:१०)

+१ सर. माझ्या मॉलीला इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला होता तो मला चार दिवस कळला नाही कारण वरती निळी पट्टी होती. तेव्हापासून पांढराच.

नवखा२२ (सोमवार, दुपारी ३:४५)

मी सरळ १२ व्होल्टची आरजीबी पट्टी लावलीय रिमोटवाली, पाच मीटरचा रोल मिळतो. तिन्ही रंग फुल्ल केले की पांढरा होतो, मग हे सगळं करायची काय गरज आहे?

सोल्डरगन (सोमवार, दुपारी ४:३०)

नवखा, दिसायला पांढरा होतो पण तो तीन खांबांवर उभा केलेला पांढरा आहे, निळा ४६५ च्या आसपास, हिरवा ५२०, लाल ६२०, मधे पिवळा-नारिंगी जवळजवळ नाहीच. म्हणून सोनेरी गोरामी किंवा पिवळी मॉली त्याच्यात विचित्र दिसते, वाळू खडूसारखी दिसते. शिवाय साध्या ५०५० पट्टीची (हा चिपच्या आकाराचा नंबर) पॉवर कमी, १४ इंच खाली पोचेपर्यंत फार काही उरत नाही. मूनलाईट म्हणून किंवा नुसत्या माशांच्या टाकीला शोभेसाठी चालेल, झाडांसाठी नको. पट्टीच लावायची असेल तर पांढरी ५६३० किंवा २८३५ घ्या, तीन-चार ओळी शेजारी शेजारी ॲल्युमिनियमवर चिकटवा.

आणि वाफेपासून सांभाळा. पट्टीच्या कापलेल्या टोकाला टाकी चिकटवायचा सिलिकॉन लावू नका, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो, त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांब्याला हिरवं करतं. न्यूट्रल क्युअर मागा, त्यातून ते ॲसिड सुटत नाही.

पाणवठा (सोमवार, रात्री १०:१५)

सर, सीडी बघितली!! लेक आणि मी दोघी अंधारात बसलो होतो, शेवटी ती झोपायलाच तयार नव्हती.

ट्यूबलाईटच्या जागी लावलेला पांढरा एलईडी: जाड झगझगीत निळा पट्टा, मग एकदम काळपट फट, मग हिरवा-पिवळा रुंद, आणि लाल येता येता विरून जातो. बेडरूमचा पिवळा बल्ब: निळा अगदी बारीक, फट आहेच, पण नारिंगी-लाल भरपूर. माझा निळा एलईडी: एकच निळी रेघ, बाकी काळं. लाल: एकच लाल रेघ. म्हणजे मी टाकीला दोन रेघा देत होते आणि मधलं सगळं गायब.

ती काळपट फट कसली आहे? निळा आणि हिरव्याच्या मधली? दोन्ही बल्बना आहे.

हिरवळ (मंगळवार, सकाळी ६:०५)

तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

ती फट ४८० नॅनोमीटरच्या आसपासची, निळी चिप तिथे संपते आणि फॉस्फर तिथे अजून सुरू झालेला नसतो. बहुतेक पांढऱ्या एलईडींची ही ठेवणच आहे. आणि गंमत बघा, निऑन टेट्राचा पट्टा असतो तो निळा-हिरवटच्या घरातला, म्हणजे जवळपास त्या फटीच्याच शेजारचा. त्या पट्ट्यात निळं रंगद्रव्य नसतं, त्वचेतल्या पेशींमध्ये बारीक पातळ चकत्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून ठराविक रंगाचा प्रकाश परावर्तित होतो. वरून तो रंग आलाच नाही तर परत काय येणार? पोटाचं लाल मात्र खरं रंगद्रव्य, म्हणून तुमच्या लाल एलईडीखाली ते भडकलं आणि पट्टा विझला.

म्हणून माझं सांगणं: मुख्य प्रकाश पांढरा. सहातले चार ६५०० चे आणि दोन ४००० चे घ्या, थंड आणि उबदार मिसळले की वाळू वाळूसारखी दिसते. लाल थोडा, कारण ६५०० वाल्यात तो कमी असतो हे तुम्ही सीडीवर बघितलंच. आणि पुढे हौस झाली तर एखादा सायन (निळा-हिरवा), ४९० ते ५०० चा, त्या फटीत बसवायला. निळा वेगळा नको.

गप्पी_नाशिक (मंगळवार, सकाळी ११:२०)

सीडीची आयडिया भारी आहे, मी पण केली. माझ्या ग्रो लाईटमधला 'फुल स्पेक्ट्रम' म्हणून घेतलेला गुलाबी एलईडी बघितला तर निळी रेघ आणि लाल रुंद पट्टा, हिरवं नावाला. मायक्रोग्रीन्सला तोच ठेवणार पण माझ्या गप्पींच्या टाकीवर लावायचा विचार होता तो रद्द. माघार नाही हं ताई, पण हॉलमधल्या टाकीसाठी सरांचं पटलं.

एक शंका, मी मोबाईलच्या लक्स ॲपने मोजलं तर लाल-निळ्याचा आकडा फारच कमी येतो, पांढऱ्याचा कितीतरी जास्त, मग झाडाला खरंच कमी मिळतं का?

हिरवळ (मंगळवार, दुपारी १२:००)

नाही, लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळा ५५५ ला सगळ्यात तीक्ष्ण, ४५० ला त्याच्या जेमतेम ४ टक्के, ६६० ला ६ टक्के. म्हणून तेवढीच ऊर्जा असली तरी लक्समध्ये ते दोन्ही रंग गरीब दिसतात. झाडासाठी पीएआर (झाडाला वापरता येणारा प्रकाश) बघतात, ४०० ते ७०० मधले सगळे फोटॉन सारख्याच वजनाने मोजतात. पांढऱ्याची पांढऱ्याशी तुलना करायला लक्स ॲप चालतं, रंगीत आणि पांढऱ्याची तुलना त्याने करू नका.

मालवणचो_दर्यो (मंगळवार, दुपारी २:३५)

मी मालवणात असतो, समुद्राचं थोडं सांगतो. स्कूबाला माणसं खाली नेतो तेव्हा त्यांचा लाल टी-शर्ट वर होडीत लालभडक असतो आणि थोडं खाली गेलो की विटक्या मरून रंगाचा, कारण पाणी लाल आधी खातं. निव्वळ पाण्यात ६६० चा लाल एका मीटरला साधारण एक तृतीयांश कमी होतो, निळा ४५० चा मात्र एखादा टक्काच. म्हणून खोल सगळं निळं. हे ऐकून लोक म्हणतात टाकीत लाल लावून काय उपयोग. पण ताईंच्या टाकीत पाणी फुटभर, तिथे लाल १०-१५ टक्के कमी होईल, बाकी सगळा तळाला पोचतो. समुद्राचा नियम टाकीला लावू नका.

ते २०,००० केल्विनवाले निळेभोर लाईट असतात ते प्रवाळांसाठी, त्यांच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ निळ्यावर जगतं. गोड्या पाण्याच्या झाडांच्या टाकीला त्याचा संबंध नाही. आणि कोणी प्रवाळ घरी ठेवायचा विचार करत असेल तर नको, दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आमच्याकडे किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली आहेत ना, येऊन बघा. देव बरे करो.

सोल्डरगन (मंगळवार, रात्री ९:५०)

चला आता हिशोब. ताई, वही घ्या.

२४ व्होल्ट २ अँपचा बंद डबीतला एसएमपीएस, टाकीपासून लांब भिंतीवर. त्याच्यावरून दोन चॅनल, दोन वेगळे कॉन्स्टंट करंट बक ड्रायव्हर (व्होल्ट उतरवून करंट एकसारखा ठेवणारे).

पांढरा चॅनल: ६ एलईडी सिरीजमध्ये, एकेकाला साधारण ३.२ व्होल्ट, म्हणजे १९.२, ड्रायव्हरला वर पावणेपाच व्होल्ट उरतात, बास झाले. ७०० मिलिअँप. १९.२ गुणिले ०.७ म्हणजे साडेतेरा वॉट. वॉटला १०० लुमेन धरले तर १३५० च्या आसपास, ५५ लिटरला लिटरमागे २४-२५ लुमेन. हौशी लोकांचा ढोबळ हिशोब असा की १० ते २० म्हणजे कमी प्रकाश, २० ते ४० मध्यम. तुमच्या झाडांना हे जरा जास्तच आहे, म्हणून डिमरचा पॉट (उजेड कमी-जास्त करायचं फिरतं बटण) ठेवा आणि सुरुवात ६० टक्क्यांवर करा.

लाल चॅनल: ३५० मिलिअँप. दोन ६६० चे झाडासाठी आणि तुमच्या जुन्यातला एक, जो मला ६२५ वाटतोय, डोळ्यासाठी. लालला २.२ व्होल्टच लागतात, तीन मिळून ६.६. पुढे सायन लावाल तो याच माळेत घाला, त्याचे ३.२ मिळवले तरी १० च्या आत. लाल आणि पांढरे एका माळेत घालू नका, एकदा घातले की करंट सगळ्यांना एकच, लाल कमी-जास्त करायची सोय गेली. आणि पॅरलल तर अजिबात नको, लाल कमी व्होल्टला उघडतो, सगळा करंट तोच ओढेल आणि मरेल.

जुने ६२५ का वाटतात? ओळखायची युक्ती सांगतो. सारख्याच करंटवर ६६० चा लाल डोळ्याला मंद, गडद, जरा खोल दिसतो, ६२५-६३० चा झगझगीत, कारण सरांनी सांगितलं तेच, डोळा ६३० ला ६६० पेक्षा चौपट तीक्ष्ण. तुम्ही 'हॉल जांभळा झाला, डोळे दुखतात' म्हणालात तेव्हाच शंका आली. दुकानात दोन्ही शेजारी लावून बघा, जो जास्त चमकतो तो ६६० नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे.

उष्णता: साडेतेरातले निम्म्याहून जास्त वॉट उष्णता होतात. दोन फुटी ॲल्युमिनियम चॅनल, प्रत्येक एलईडीच्या स्टारखाली (तो ज्या छोट्या चकतीवर बसवलेला असतो ती) थर्मल पेस्ट पातळ, पोळीला तूप लावतो तेवढीच, थापायची नाही. अर्ध्या तासाने बोट पाच सेकंद ठेवता आलं पाहिजे.

नाचणारे डाग: लेन्स काढा, लाल एलईडी पांढऱ्यांच्या अगदी शेजारी बसवा, एका टोकाला सगळे लाल असं नको, लाईट दोन इंचांवरून पाच-सहा इंचांवर न्या आणि खाली दुधी ॲक्रेलिक लावा. उजेड थोडा कमी होईल पण रंग पाण्यात शिरायच्या आधीच मिसळतील.

वायर प्लगकडे नेताना आधी खाली झोळ द्या मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला टपकतं, सॉकेटात जात नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, ३० मिलिअँपचा? नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

पाणवठा (बुधवार, रात्री ११:०५)

दादा, वहीत उतरवलं सगळं. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबून पण बघितलं, पडतो. शनिवारी सामान आणते.

पाणवठा (पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०)

उशीर झाला लिहायला, आधी घरात आजारपण होतं. लाईट चार आठवड्यांपासून चालू आहे.

तपकीर गल्लीत दोन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात ६६० म्हणून दिलेला लाल मी त्याच्याच टेबलवर माझ्या जुन्याशेजारी लावायला सांगितला, दोघं सारखेच चमकले, म्हणजे तोही ६२५ चाच. दुसऱ्याकडे मात्र खोल लाल निघाला, बीटाच्या रसासारखा, बघताक्षणी वेगळा कळतो. तेच दोन घेतले. पांढरे चार ६५००, दोन ४०००.

पहिल्यांदा लावला तेव्हा फक्त पांढरा चॅनल लावला होता. फर्न हिरवा. खरंच हिरवा, नवीन पानाची टोकं पोपटी आणि जुनी गडद, हे एवढं दिवस दिसतच नव्हतं. मग लाल हळूहळू चढवला, पॉट पावभर फिरवल्यावर निऑनची पोटं रंगली आणि क्रिप्टोच्या पानाची मागची बाजू तपकिरी-लाल आहे हे कळलं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वाळू गुलाबी व्हायला लागली म्हणून परत मागे आणला. तिथेच पॉटवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय, लेकीने फिरवला तरी परत आणता येतो.

तास ७ केले, दुपारी २ ते रात्री ९, म्हणजे आम्ही घरी असताना. काटेवाला टायमर घेतला होता पण आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते तेव्हा तोही थांबतो आणि आठवड्यात दीड-दोन तास मागे पडतो, एकदा तर रात्री ११ पर्यंत टाकी चालू. मग आत बॅटरी असलेला डिजिटल घेतला. पांढरा अजून ६५ टक्क्यांवरच आहे.

काचेवरचा थर दोनदा पुसला, तिसऱ्यांदा आला नाही. अनुबियासची ठिपकेवाली तीन पानं कापली, नवीन दोन स्वच्छ आलीत. डाग नाचायचे थांबले, आता लाटांची सावली दिसते फक्त, पांढरी. पट्टीला बोट आरामात ठेवता येतं.

सर, एक विचारायचं होतं. सकाळी उठून बघते तर निऑन फिके, पट्टा जवळजवळ नाहीच, राखाडी-जांभळट. लाईट लागला की थोड्या वेळाने परत निळे. हे काही चुकतंय का?

हिरवळ (रविवार, रात्री ८:४०)

काही चुकत नाहीये. रात्री अंधारात ते असे फिके होतातच, त्या चकत्यांमधलं अंतर बदलतं आणि पट्ट्याचा रंग जांभळ्याकडे सरकतो. उजेड आला की परत जागेवर येतो. म्हणून निळा मूनलाईट रात्रभर ठेवू नका, त्यांना खरा अंधार मिळू दे. दुपारी २ ला एकदम झगझगाट होत असेल तर आधी दहा मिनिटं खोलीतला दिवा लावा, दचकून इकडे तिकडे आपटत नाहीत.

जुने निळे चार काय केलेत?

पाणवठा (रविवार, रात्री ९:१०)

निळे आणि उरलेले सात लाल गप्पीदादांना कुरियर करतेय, मायक्रोग्रीन्सला लागतील म्हणाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता त्यांनी. ड्रायव्हर मात्र दिला नाही, तो तोडून टाकला.

आणि पुढच्या शनिवारी सायन आणायला जातेय. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला ४९५ चा आहे, गॅरंटी. लेक म्हणतेय आपण सीडी घेऊन जाऊ, त्याची रेघ त्या काळ्या फटीत बरोबर बसली तरच घ्यायचा. सीडी आणि एक पांढरा एलईडी पिशवीत टाकून ठेवलाय.